पोर वाडीत राहिलं पाहिजे

(कापडे इथे आजूबाजूच्या वाड्यांची बैठक झाली. त्या बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या वाड्यांतून कोणी येऊ शकलं नाही, तिथे हा अंक मोठ्याने वाचून दाखवावा.)



आज विषय जरा वेगळा आहे. काही जण म्हणतील, दळीचे दावे पडून आहेत, घराखालची जागा नावावर नाही, वनखात्याचा माणूस रोज दम देतो, आणि तुम्ही पोरांचं काय काढलंय? पोरं आपोआप वाढतात.

आम्ही म्हणतो, नाही वाढत. आणि हा विषय जमिनीपासून लांबचा नाही. जिथे जमीन नाही, तिथे माणूस स्थलांतर करतो. जिथे माणूस स्थलांतर करतो, तिथे पोर एकतर भट्टीवर जातं, नाहीतर मागे राहतं. मागे राहिलेलं पोर कोणीतरी घेऊन जातं. कधी चांगल्या मनाने, कधी वाईट मनाने. आईबापाच्या हातातून पोर सुटतं ते असं. म्हणून जमिनीची लढाई आणि पोराची लढाई एकच आहे.

आता पोरं जातात कशी, ते बघू. आपण सगळ्यांनी हे डोळ्यांनी बघितलंय.

पहिली वाट भट्टीची. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की मुकादम येतो. त्याच्या आधी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, कोणाच्या घरात नुसतं पोटाला नव्हतं म्हणून. ती उचल फेडायला नवरा-बायको जोडीने विटा पाडायला जातात, नाहीतर कोळसा पाडायला घाटावर, थेट कर्नाटकापर्यंत. दर आठवड्याला खर्ची मिळते. हिशोब होतो तो पाऊस तोंडावर आल्यावर, आणि बऱ्याच वेळा हिशोबात अंगावरच पैसे निघतात. मग पुढच्या वर्षी परत तिथेच. सहा-सात महिने पोराची शाळा नाही, अंगणवाडी नाही, लसीचं इंजेक्शन नाही. सात वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, आठ वर्षांचा पोरगा विटा पलटी करतो.

दुसरी वाट मेंढीची आणि घरकामाची. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात उभाडे इथे आपल्याच कातकरी समाजाची वाडी आहे. तिथली पोरं मेंढपाळांकडे राबायला दिली होती. बदल्यात थोडे पैसे आणि एखादी मेंढी. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातली दहा वर्षांची एक पोरगी मेली. तिला मरायला टेकलेली असताना घराशी आणून टाकली होती. त्यानंतर पोलीस आले, पेपरवाले आले, मानवी हक्क आयोगाने सरकारला नोटीस काढली. मग समजलं की अशी एक नाही, बरीच पोरं आहेत. तेव्हा लोक म्हणाले, कसले हे आईबाप, मेंढीच्या बदल्यात पोर देतात. आम्ही विचारतो, त्या आईबापाच्या घरात त्या दिवशी दाणा किती होता, हे कोणी विचारलं का? वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ सालचा आहे. जवळपास पन्नास वर्षं झाली तरी मेंढीवर पोर जातं, तर दोष एकट्या बापाचा नाही. पण बापाचा काहीच नाही असंही आम्ही म्हणत नाही. दारूच्या बाटलीवर सही करणारा बाप वाडीने अडवला पाहिजे. त्यावर पुढे बोलू.

तिसरी वाट जरा गोड आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघा. बाप मेला, आई एकटी. चार पोरं. कोणीतरी गाडीतून येतं आणि म्हणतं, "ताई, दोन पोरं द्या, आमच्या संस्थेत ठेवू. जेवण मोफत, शिक्षण मोफत, कपडे मोफत." आईला वाटतं, निदान दोघं तरी पोटभर जेवतील. ती अंगठा देते. कागदावर काय लिहिलंय तिला कोणी वाचून दाखवत नाही. आम्ही एका वाडीत अशी बाई बघितली. तिची पोरगी कोणत्या गावाला आहे, एवढंच तिला माहीत होतं. संस्थेचं नाव माहीत नव्हतं. भेटायला जायचं तर एसटीचे पैसे नव्हते. पोरगी दोन वर्षांनी घरी आली तर आपली भाषा तिला बोलता येईना, आणि आजीला बघून ती लाजली.

आता कोणी गैरसमज करून घेऊ नका. आश्रमशाळेत पोर घालू नका, असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातले काही जण आश्रमशाळेतच बारावीपर्यंत शिकले. आश्रमशाळा ही शाळा आहे, तिथे पोर शिकायला जातं, सुट्टीत घरी येतं, आईबाप हेच त्याचे पालक राहतात. तिथेही डोळे उघडे ठेवायचे. आश्रमशाळेतल्या पोरांचे मृत्यू इतके झाले की सरकारला डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. म्हणून महिन्यातून एकदा तरी वाडीतलं कोणीतरी जाऊन पोरांना बघून यायचं. पण बालगृह ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पोर सरकारच्या ताब्यात जातं. आणि बालगृहातली बरीच पोरं अनाथ नसतात. त्यांना आई असते, नाहीतर बाप असतो, नाहीतर आजा-आजी असतात. नसतात ते पैसे.

मग प्रश्न असा की गरीब आहे म्हणून पोर घेता येतं का?

कायदा काय म्हणतो ते ऐका. बाल न्याय अधिनियम २०१५ सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात तत्त्वं दिली आहेत. त्यात लिहिलंय की पोराची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची. आणि लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, बाकी सगळं करून बघितल्यावर. शेवटचा, हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे आधी आईला मदत, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर संस्था. आपल्याकडे उलटं चालतं. मदतीचा कागद वर्षभर फिरतो आणि संस्थेची गाडी एका दिवसात येते.

त्याच कायद्यात "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" कोण, हे सांगितलंय. ज्याला घर नाही, राहायला पक्की जागा नाही, पोटापाण्याचं साधन नाही, ते पोर त्यात येतं. कामावर सापडलेलं पोर त्यात येतं. आता सांगा, आपल्या वाडीतलं कोणतं पोर त्यात येत नाही? घर दुसऱ्याच्या जागेत, बाप भट्टीवर, पोर नदीवर मासे मारायला. अधिकारी आला तर त्याला सगळी वाडीच गरजू दिसेल. म्हणून आपल्याला म्हणायचंय, हो साहेब, गरज आहे. पण गरज मदतीची आहे, पोर उचलण्याची नाही.

जिथे पोराला मारहाण होते, अत्याचार होतो, विकायला काढतात, तिथे पोर बाहेर काढलंच पाहिजे. त्यात नातं-गोतं बघायचं नाही. १०९८ हा लहान मुलांसाठीचा फुकट फोन आहे, तो आपणच लावायचा. आपण बोलतोय ते दुसऱ्या घरांबद्दल. जिथे माया आहे पण दाणा नाही.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. कॅनडात तिथल्या आदिवासींची दीड लाखाहून जास्त पोरं सरकारने आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत नेली. पोरांना स्वतःची भाषा बोलली म्हणून मार पडायचा. ऑस्ट्रेलियात पोरं घरातून उचलून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली. दोन्ही देशांच्या सरकारांनी २००८ साली संसदेत उभं राहून माफी मागितली. माफीने पोरं परत आली नाहीत. अमेरिकेत एकेकाळी आदिवासींच्या चार पोरांमागे एक तरी पोर घराबाहेर होतं. तिथले आदिवासी भांडले आणि १९७८ साली त्यांनी कायदा करून घेतला. पोराला घरी ठेवता येत नसेल तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतलं घर, मग दुसऱ्या जमातीतलं घर, असा क्रम त्यात ठरलाय. तिकडेही पोरं नेणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, आम्ही तुमच्या भल्यासाठी नेतो.

आपल्या जिल्ह्यातलं बघा. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेवर डोंगर आला. त्याच पावसात पोलादपूरमध्ये साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही माणसं गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली, ती ठाकर समाजाची वाडी. तिथली काही पोरं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली आणि आईबाप गेले. लगेच पोरं दत्तक घेण्याच्या घोषणा झाल्या. घोषणा करणाऱ्याचं मन चांगलं असेल. पण चुलता आहे, मामा आहे, आजी आहे, तर पोर त्यांच्यापाशी राहावं आणि पैसा तिथे यावा, हा सरळ रस्ता आहे. आपल्या वाड्याही डोंगराच्या पायथ्याशी आहेत. उद्या आपल्यावर वेळ आली तर हे बोलायला आपल्याला आज माहीत पाहिजे.

आता मदत कोणकोणती आहे, ती नीट ऐका. ज्याला लिहिता येतं त्याने लिहून घ्या.

एक, बालसंगोपन योजना. ही महाराष्ट्र सरकारची. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. आई किंवा बाप नसलेलं, दोघंही नसलेलं, किंवा आईबाप मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले, अशा पोराला घरी ठेवून सांभाळायला पैसे मिळतात. आधी महिन्याला ४२५ रुपये होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५० रुपये. वर्षाचे २७,००० होतात. अठरा वर्षांचं होईपर्यंत. आजी सांभाळत असेल, मामा सांभाळत असेल, तरी चालतं.

दोन, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना. यात महिन्याला ४००० रुपये. विधवा आई, नवऱ्याने टाकलेली आई, नातेवाइकांकडे राहणारं अनाथ पोर, यांच्यासाठी. खेड्यात घरचं उत्पन्न वर्षाला ७२,००० च्या आत पाहिजे.

या दोन्हींचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो, तो अलिबागला. बालसंगोपनाची मंजुरी बाल कल्याण समिती देते. कागद लागतात ते असे: पोराचं आणि पालकाचं आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मेलेल्या आईचा किंवा बापाचा मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, बँकेचं पासबुक, फोटो. आपलं घोडं अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर. माणूस भट्टीवर मेला, तिथेच पुरला, नोंद कुठेच नाही. म्हणून सांगतो, माणूस कुठेही मेला तरी २१ दिवसांच्या आत नोंद करा. नोंद नाही म्हणजे कागदावर तो माणूस जिवंत, आणि बायको विधवा नाही.

तीन, संजय गांधी निराधार योजना, विधवा आणि निराधार बाईसाठी महिन्याला १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. आणि घरचा कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये.

चार, रेशन. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ ला सांगितलंय की आदिम जमातीच्या घरांना अंत्योदय कार्ड द्या. म्हणजे घराला महिन्याला ३५ किलो धान्य. ज्याचं पिवळं कार्ड अजून झालं नाही, त्याने आज नाव द्या. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं, "तुमचा कोटा संपला." आम्ही म्हटलं, लेखी द्या. लेखी दिलं नाही, कार्ड मात्र केलं. हे लक्षात ठेवा, "नाही" लेखी मागायचं.

पण एवढं सगळं मिळालं तरी पोर वाडीत राहील का? नाही राहणार. कारण २२५० रुपयांवर घर चालत नाही. घर चालतं जमिनीवर आणि कामावर.

म्हणून वनहक्काचा कायदा. २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला ती चार हेक्टरपर्यंत मिळते. आपल्या रायगडातल्या दळी जमिनी आपल्या आज्या-पणज्यांनी नाचणी-वरी पिकवून राखल्या. आता या कायद्यातली एक ओळ पोरांसाठी फार मोठी आहे. नवरा-बायको असतील तर हक्कपत्र दोघांच्या नावाने द्यायचं, आणि बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. ही जमीन विकता येत नाही, पण वारसाला जाते. नवरा मेल्यावर बाईला दीर म्हणतो, "चल निघ," तेव्हा तिच्या हातात हा कागद पाहिजे. ज्या आईच्या नावाने दळीचा तुकडा आहे, ती आई पोर द्यायच्या आधी दहा वेळा विचार करेल, कारण तिच्याकडे पुढच्या पावसाची आशा आहे. म्हणून ज्या दाव्यांत फक्त बाप्याचं नाव लिहिलंय, तिथे बाईचं नाव घालून घ्या.

घराचंही तेच. कातकऱ्यांसाठी पीएम जनमनमधून घरं मंजूर होतात, पण घराखालची जागा आपली नाही म्हणून कागद परत येतो. गावठाणाची मागणी आपण करतो ती नुसत्या भिंतींसाठी नाही. "राहायला पक्की जागा नाही" असं कोणी आपल्या पोराबद्दल लिहू नये, यासाठी करतो.

आणि काम. रोजगार हमीचा कायदा या महाराष्ट्राने १९७७ सालीच केला. तरीही दिवाळीनंतर आपल्या भागात काम निघत नाही आणि मुकादमाची जीप मात्र वेळेवर येते. कामाची मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची, आणि ती दिवाळीच्या आधी द्यायची. जीप आल्यावर अर्ज लिहून उपयोग नाही.

ज्यांना जावंच लागेल, त्यांनी काय करायचं? वसईकडे १९९० नंतरच्या काळात विटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या गेल्या, ऊसतोडीवर साखरशाळा झाल्या. पोर जिथे तिथे शाळा. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. आईबाप बाहेर गेले तरी पोर गावात राहतं, शाळेत दोन वेळ जेवतं. सोय मागायची ती सरकारकडून, आणि रात्री पोराला आज्यांनी जवळ घ्यायचं. वाडीतल्या म्हाताऱ्यांनो, तुम्ही म्हणता आमचा आता काय उपयोग. तुमच्यावरच सगळा डाव आहे.

आता शेवटचं. उद्या कोणी पोर उचललंच, तर घाबरून घरात बसू नका.

पहिलं, विचारा कोणी नेलं, कुठे नेलं, कोणाच्या हुकुमाने. २४ तासांच्या आत पोर बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. दुसरं, आईबापाने एकटं जायचं नाही, वाडीतले चार जण आणि ग्रामसभेचं पत्र सोबत न्या. तिसरं, समितीला घरची चौकशी करून घ्यावी लागते, तिचा अहवाल १५ दिवसांत यायला पाहिजे. चौकशीला येणाऱ्याला वाडी दाखवा, आजी दाखवा, शाळेची हजेरी दाखवा. चौथं, न वाचता कुठेही अंगठा नाही. पोर सोडून देण्याचा कागद केला असला तरी कायद्याने दोन महिने विचार बदलायला मिळतात. पाचवं, समितीचा हुकूम पटला नाही तर ३० दिवसांत अपील होतं. आदिवासीला वकील फुकट मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आणि ज्या संस्थेकडे नोंदणी नाही, तिला पोरं ठेवायचा हक्कच नाही. नोंदणीचा कागद आधी मागा. चांगली संस्था कागद दाखवायला लाजत नाही.

या बैठकीत आपण हे ठरवू. हात वर करून सांगा.

१. प्रत्येक वाडीने दसऱ्याच्या आत अठरा वर्षांखालच्या सगळ्या पोरांची यादी करायची. कोणाचा बाप नाही, कोणाची आई नाही, कोण शाळेत नाही, कोण कुठे राबायला दिलंय, सगळं लिहायचं.

२. यादीतल्या प्रत्येक एकट्या आईचे अर्ज वाडीने मिळून भरायचे. अलिबागला एकेकटीने जायचं नाही. पाच-सहा जणींचे कागद गोळा करून दोघांनी जायचं, भाडं वर्गणीतून. अख्खा दिवस जातो, त्या दिवशी तिच्या पोरांचं जेवण शेजारी.

३. उचल घेताना पोराचं काम त्यात बोलायचं नाही. पोराच्या नावावर कोणी पैसे किंवा जनावर घेतलं, तर वाडीने जाऊन ते परत करायचं आणि पोर आणायचं. दारूसाठी घेतलं असेल तर त्याचा जाब वाडीपुढे.

४. कोणतीही गाडी, कोणतीही संस्था पोरं मागायला आली, तर एका घराशी बोलणं नाही. बोलणं वाडीशी, आणि बायका हजर असल्याशिवाय नाही.

५. ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. तिची बैठक कधी झाली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायचं, आणि तिच्यात आपल्या वाडीतली एक बाई घ्यायला लावायची.

६. वनहक्काच्या प्रत्येक दाव्यात बाईचं नाव.

सहाही ठराव सगळ्यांना मंजूर आहेत ना? मग यादीची वही आज प्रत्येक वाडीने घेऊन जायची. वही कोणाकडे राहणार त्याचं नाव आत्ताच सांगा, आणि पुढच्या बैठकीला ती भरून आणा. ज्या वाडीत लिहिता येणारं कोणी नाही तिथे आम्ही येतो, रात्री या, दिवसा तुम्ही कामावर असता.

आपण गरीब आहोत, हे आपण लपवत नाही. पण गरिबी हा पोर घेऊन जायचा परवाना नाही. सरकारला जे पैसे संस्थेत पोरामागे घालायचे आहेत, ते आईच्या हातात घालावेत. जमीन तिच्या नावावर करावी. बाकी पोर कसं वाढवायचं, ते आम्हाला आमच्या आयांनी शिकवलंय.

जिंदाबाद!